बेवारशी खटक्यांची ओळख

जुन्या वाड्यांतील मोठ्या कुटुंबांत बहुधा एखादा असा डबा सांपडतोच, कीं ज्यांत पंधरा-वीस किल्ल्या असतात आणि त्यांपैकीं एकीचेंहि कुलूप कोणास ठाऊक नसतें. घरांतील वडील बायका त्या टाकूं देत नाहींत. न जाणो, एखादी कोठें तरी लागेल! कुलूप आणि किल्ली यांची एकदां ताटातूट झाली, कीं दोघांनाहि मोडीचा भाव येतो, हें त्यांना पक्कें माहीत असतें. अमेरिकेंतील जुन्या मोटारींच्या शौकीन लोकांपुढें नेमका हाच पेंच आज पुष्कळ मोठा होऊन उभा आहे. फरक इतकाच, कीं त्यांच्या डब्यांत किल्ल्यांऐवजीं विजेचे खटके असतात.

हे खटके येतात कोठून? त्या देशांत मोडीत निघालेल्या मोटारींचीं विस्तीर्ण आवारें असतात. गाडी दाबयंत्रांत जाऊन तिचा लोखंडी चौकोन होण्यापूर्वीं तिचे उपयोगी भाग तेथें काढून घेतात. इंजिन, दार, कांच, दिव्याचें कोंदण हे भाग कोणाहि जाणत्यास ओळखूं येतात. कांहीं नाहीं तरी त्यांवर गाडीचें नांव असतें. खटक्याचें तसें नाहीं. तो डॅशबोर्डच्या मागें, अंधारांत, तारांच्या जंजाळांत बसलेला असतो. काढणारा घाईनें तारा कापतो, बाहेरची सुबक मूठ वेगळी करून ठेवतो आणि उरलेला पत्र्याचा व बेकेलाइटचा ओबडधोबड तुकडा खोक्यांत भिरकावतो. पेनसिल्व्हेनियांतील हर्शी या गांवीं दर ऑक्टोबरांत जुन्या मोटारींचा व सुट्या भागांचा जो प्रचंड बाजार भरतो, तेथें असलीं खोकीं मांडलेलीं दिसतात. विक्रेत्यास विचारावें तर तो सांगतो, “शेव्हरोलेचा असावा.” या ‘असावा’ शब्दावर विसंबून खटका घेणें म्हणजे पत्रिकेवरचें नांव न वाचतां लग्न ठरविण्यासारखें आहे.

एवढ्याशा वस्तूची एवढी मातब्बरी कां, असें कोणी विचारील. मस्टँगसारख्या लोकप्रिय गाड्यांचे खटके नव्यानें घडवून विकणारे कारखाने आहेत, त्यामुळें तेथें अडत नाहीं. परंतु हडसन आणि नॅश हीं नांवें १९५७ सालीं मावळलीं, पॅकार्ड १९५८ मध्यें आणि स्टुडबेकर १९६६ मध्यें. या गाड्या अजून जिवंत आहेत, पण त्यांना खटका पुरविणारें घर उरलेलें नाहीं. त्यांचा एखादा खटका बिघडला तर त्याचा जोडीदार कोठल्या तरी खोक्यांत असतो. प्रश्न तो ओळखण्याचा. आणि ओळखण्यांत चूक झाली तर नुसती गैरसोय होऊन भागत नाहीं. त्या काळच्या तारांवर रबराचें व कापसाच्या विणीचें वेष्टण असे. इतक्या वर्षांनीं तें बिस्किटासारखें ठिसूळ झालेलें असतें. भलत्या खटक्यानें अशा तारेंत पेलेल त्याहून जास्त प्रवाह जाऊं दिला, तर पहिला धूर डॅशबोर्डखालून येतो, आणि तो दिसेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो.

मोटारींत विजेचें राज्य सुरू झालें तें १९१२ च्या कॅडिलॅकपासून असें म्हणण्यास हरकत नाहीं. चार्ल्स केटरिंग यांच्या डेटन येथील डेल्को संस्थेनें विजेनें इंजिन सुरू करण्याची योजना त्या गाडींत बसविली. हँडल मारण्याचे कष्ट, आणि हँडल उलट फिरून मनगट मोडण्याचें भय, दोन्ही एकदम सरलीं. पुढें दिवे, भोंगा, पाणी पुसण्याचा हात, हवा तापविण्याचा पंखा, खिडक्या वर-खालीं करणारें यंत्र, कापडी छत उघडणारें यंत्र अशी भर पडत गेली, आणि प्रत्येक नव्या सोयीबरोबर एकेक खटका वाढला.

गंमत अशी, कीं एकच काम करणारा खटका निरनिराळ्या घरांत निरनिराळ्या जागीं राहत असे. इंजिन सुरू करण्याचेंच घ्या. कोणाकडे त्यासाठीं पायानें दाबण्याची कळ, कोणाकडे डॅशबोर्डवर बटन. ब्यूइकमध्यें किल्ली फिरवून वेग वाढविण्याचें पेडल खालीं दाबावयाचें, कीं इंजिन सुरू! तिचा खटका मुळीं डॅशबोर्डवर नसेच. तो कार्ब्युरेटरच्या अंगावर असे, आणि इंजिन चालूं लागल्यावर तेथील निर्वाताच्या ओढीनें तो आपोआप निकामी होई, म्हणजे चालत्या गाडींत पेडल दाबलें तरी स्टार्टर मध्यें लुडबूड करीत नसे. असला खटका सुटा हातीं आला तर तो विजेचा भाग आहे हेंच पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. क्रायस्लरनें १९४९ मध्यें किल्ली फिरवूनच इंजिन सुरू करण्याची रीत आणली, आणि हळूहळू सगळ्यांनीं ती उचलली.

आतां प्रत्यक्ष ओळखीकडे वळूं. नवशिक्या माणूस प्रथम अंक शोधतो, आणि तें योग्यच आहे. फोर्ड कंपनीची अंकपद्धति तर मोठी बोलकी आहे. समजा, खटक्यावर ‘सी ५ झेड बी’ आणि पुढें ‘११६५४’ असें आढळलें. पहिलें अक्षर दशकाचें: ‘बी’ म्हणजे १९५० चें दशक, ‘सी’ म्हणजे १९६० चें, ‘डी’ म्हणजे १९७० चें. दुसरा अंक त्या दशकांतील वर्षाचा, म्हणजे येथें १९६५. तिसरें अक्षर गाडीचें. ‘झेड’ म्हणजे मस्टँग. चौथें अक्षर हा भाग कोणत्या विभागानें आंखला तें सांगतें. ‘बी’ हा बॉडीचा विभाग. मधला ११६५४ हा आंकडा पुढच्या दिव्यांच्या खटक्याचा. वर्ष कोणतेंहि असो, गाडी कोणतीहि असो, त्या कामाचा आंकडा तोच. ११५७२ दिसला तर तो किल्लीचा खटका, १३५३२ दिसला तर दिव्यांचा झोत खालीं-वर करणारा, १३४८० असेल तर ब्रेकच्या दिव्याचा. हे चार आंकडे पाठ असलेला माणूस फोर्डच्या खोक्यासमोर निम्मी बाजी मारून जातो.

परंतु येथेंच एक खाच आहे. हें वर्ष तो भाग प्रथम आंखला गेल्याचें असतें, ज्या गाडींतून तो निघाला तिचें नव्हे. १९६५ सालीं आंखलेला भाग १९६७ च्या गाडींतहि निघूं शकतो. मस्टँग एप्रिल १९६४ मध्यें बाजारांत आली ती फाल्कन या साध्या घरगुती गाडीचे पुष्कळ भाग उसने घेऊन. म्हणून अस्सल मस्टँगच्या अंगावर फाल्कनचें ‘डी’ अक्षर सांपडलें तर कोणी फसविलें असें समजूं नये. (दशकाचें ‘डी’ आणि गाडीचें ‘डी’ यांची गल्लत मात्र होऊं देऊं नये, अक्षर तेंच, पण जागा निराळी.) शिवाय भागावर कोरलेला अंक आणि दुकानांत विकावयाच्या खोक्यावरील अंक हे दोन्ही सारखे नसतात. कोरलेल्यांत चौथें अक्षर ‘बी’ असेल, तर त्याच भागाच्या विक्रीच्या खोक्यावर तेथें ‘झेड’ असतें. या भेदामुळें किती चांगले खटके ‘अंक जुळत नाहीं’ म्हणून परत गेले असतील, कोण जाणे!

जनरल मोटर्सच्या खटक्यांवर बहुधा डेल्को-रेमीचा छाप व सात आंकडी संख्या असते. ती पाहून वर्ष कळत नाहीं. त्या काळच्या सुट्या भागांच्या सूचींत ती शोधावी लागते. सूचीशिवाय ही संख्या म्हणजे गांवाचें नांव नसलेला पत्ता. येथें आणखी एका ग्रंथाचा उल्लेख केला पाहिजे. मोडीच्या आवारांत १९३४ पासून ‘हॉलंडर इंटरचेंज’ नांवाचें पुस्तक वापरतात. कोणत्या गाडीचा कोणता भाग दुसऱ्या कोणत्या गाडीला चालतो, याची ती जंत्री आहे. आपल्याकडे पंचांगाला जो मान तो तेथील आवारांत या पुस्तकाला, आणि जुन्या वर्षांच्या प्रती शौकीन लोक जिवापाड जपतात.

अंक मुळींच नसला, किंवा गंजानें खाल्ला असला, म्हणजे खटक्याच्या देहाकडे वळावें. यांत पुढच्या दिव्यांचा खटका सर्वांत गुणी, म्हणून त्याच्याजवळ थोडें थांबूं. १९४० ते १९७० च्या दरम्यानच्या पुष्कळशा अमेरिकन गाड्यांत तो ओढण्याचा असे. मूठ अर्धी ओढली, कीं बाजूचे लहान दिवे व मागचे तांबडे दिवे लागत. पूर्ण ओढली, कीं पुढचे मोठे दिवे. तीच मूठ गोल फिरवली, कीं डॅशबोर्डवरील कांट्यांमागचा उजेड कमी-जास्त होई, आणि अनेक गाड्यांत डावीकडे शेवटपर्यंत फिरवली, कीं छताचा दिवा लागे. या फिरण्यासाठीं खटक्याच्या तोंडाशीं चिनी मातीच्या चकतीवर बारीक तारेचें वेटोळें बसविलेलें असतें. तें दिसलें, कीं हा दिव्यांचाच खटका, याबद्दल संशय उरत नाहीं. दांडी काढण्याची युक्तीहि ओळखीची खूण आहे: जनरल मोटर्स व फोर्ड यांच्या खटक्यांच्या अंगावर एक लहान कळ असते, मूठ पूर्ण बाहेर ओढून ती कळ दाबली, कीं दांडी अलगद हातांत येते. हें ठाऊक नसल्यामुळें आवारांत पकडीनें पिरगाळून मोडलेल्या दांड्यांचा खच पडलेला असतो.

याच खटक्याच्या पोटांत आणखी एक गोष्ट लपलेली असते. दोन धातूंची जोडपट्टी असलेला रक्षक तेथें बसविलेला असतो. प्रवाह बेसुमार वाढला, कीं पट्टी तापते, वांकते आणि मार्ग तोडते. थंड झाली, कीं पुन्हां जोडते. साध्या फ्यूजप्रमाणें ती एकदांच जळून जात नाहीं. हेतु असा, कीं रात्रीं घाटांत वळणावर असतांना कोठें तार घांसली गेली, तर दिवे उघडझाप करतील पण काळोख कायमचा होणार नाहीं. ज्यानें ही योजना केली त्याला रात्रीच्या प्रवासाची जाण होती असें म्हणावें लागतें.

मागच्या बाजूस तारा जोडण्याचीं टोंकें असतात आणि त्यांच्याजवळ पुष्कळदां एकेक अक्षर कोरलेलें असतें. ‘बी’ म्हणजे बॅटरी, ‘एच्’ पुढचे दिवे, ‘आर्’ मागचे, ‘पी’ बाजूचे, ‘डी’ छताचा, ‘आय्’ कांट्यांचा. किल्लीच्या खटक्यावर ‘बॅट’, ‘इग्न’, ‘अ‍ॅक्स’, ‘सोल’ अशीं तोडलेलीं रूपें असतात: बॅटरी, ठिणगी, रेडिओसारख्या जादा सोयी, आणि स्टार्टर. अक्षरें पुसट असतील तर मऊ ब्रश व थोडें रॉकेल यांनीं पुसून, बाजूनें तिरपा उजेड पाडून पाहावें. सँडपेपर लावणाऱ्याचा हात धरावा; तो गंजाबरोबर नांवहि खरवडून टाकतो.

आतां सर्वांत महत्त्वाचा मुद्दा, सहा व्होल्ट कीं बारा? जुन्या गाड्या सहा व्होल्टवर चालत. कॅडिलॅक व ओल्ड्समोबील १९५३ मध्यें बारावर गेल्या, शेव्हरोले १९५५ मध्यें, फोर्ड व क्रायस्लर १९५६ मध्यें. ब्यूइकनें तर १९५३ या एकाच वर्षीं दोन्ही प्रकार विकले: नव्या व्ही-आठ इंजिनाच्या गाड्या बारा व्होल्टच्या, आणि जुन्या सरळ आठ नळकांड्यांची ‘स्पेशल’ सहाची. म्हणून ‘१९५३ चा ब्यूइकचा खटका’ एवढेंच सांगणें अपुरें आहे.

व्होल्ट निम्मे असले तर तोच उजेड मिळण्यास प्रवाह दुप्पट लागतो. ४५ वॅटचे दोन दिवे सहा व्होल्टवर १५ ॲम्पिअर ओढतात, बारावर साडेसात. म्हणजे सहाच्या खटक्यांतील रक्षक दुप्पट प्रवाहाला सरावलेला असतो. तो बाराच्या गाडींत बसविला, कीं दिवे लागतात, सर्व कांहीं ठीक दिसतें, आणि तार तापूं लागली तरी रक्षक स्वस्थ बसतो. त्याच्या हिशेबीं अजून कांहींच बिघडलेलें नसतें. उलट केलें तर बाराचा खटका सहाच्या गाडींत नाहक दिवे तोडीत राहतो. या दोहोंत पहिली चूक धोक्याची, कारण ती बोलत नाहीं. कांट्यांचा उजेड कमी करणारें वेटोळेंहि दोहोंत सारखें नसतें. मात्र एका बाबतींत निष्कारण भीति बाळगली जाते. फोर्डच्या सहा व्होल्टच्या गाड्यांत बॅटरीचें धन टोंक सांगाड्याला जोडलेलें असे, नंतर ऋण. साध्या खटक्याला याचें कांहींच सुखदुःख नाहीं. त्याला प्रवाहाची दिशा कळत नाहीं.

एवढें झाल्यावर कसोटी. बॅटरी, दोन तारा आणि एक लहान बल्ब एवढें साहित्य पुरे. मल्टिमीटर असेल तर उत्तमच. कागदावर टोंकांचें चित्र काढून, मूठ प्रत्येक ठिकाणीं ठेवून कोणतें टोंक कोणाशीं जुळतें याचा तक्ता भरावा. गाडीचा तारांचा नकाशा मिळवून तो तक्ता त्याच्याशीं ताडून पाहिला, कीं अंक व अक्षरें जें सांगूं शकत नाहींत तें हा तक्ता सांगतो. पण येथें थांबूं नये. मीटरचा प्रवाह मुंगीच्या पावलाचा. काळवंडलेला स्पर्शबिंदूहि त्याला वाट देतो. म्हणून खटक्यांतून खरोखरीचा मोठा दिवा दहा-पंधरा मिनिटें जाळावा आणि मग पाठीला बोट लावून पाहावें. कोमट असला तर चालेल. चटका बसला तर आंतील रिव्हेट सैल झाले आहेत असें समजावें. असला खटका दिसावयास कितीहि देखणा असला तरी गाडींत घालूं नये.

कांहीं जोड्या मात्र अनुभवी माणसालाहि चकवितात. ब्रेकच्या तेलाच्या दाबानें चालणारा दिव्याचा खटका आणि इंजिनच्या तेलाचा दाब दाखविणारा खटका दिसावयास भावंडें. दोहोंना आंटे, दोहोंचा आकार जवळजवळ एक. खूण टोंकांची: ब्रेकच्या खटक्यास दोन टोंकें, तेलाच्या दाबाच्या खटक्यास बहुधा एकच, कारण त्याचें दुसरें टोंक म्हणजे इंजिनचा देह. आमचें मत विचाराल तर ब्रेकचा हा खटका जुना घेऊंच नये. तो जेथें बसतो तेथें ब्रेकचेंच तेल असतें. तो गळला तर नुसता दिवा जात नाहीं. नवा मिळत असतांना येथें काटकसर करणें शहाणपणाचें नव्हे.

पायानें दाबून झोत खालीं-वर करण्याचा खटका त्या मानानें सहज ओळखतो: तीन टोंकें, दोन स्क्रूंचीं भोकें, आणि माथ्यावर बोंडासारखें बटन. पण तो गाडीच्या तळाशीं, ओल्या बुटांच्या पायाशीं आयुष्य काढतो, आणि उत्तरेकडील राज्यांत बर्फ वितळविण्यासाठीं रस्त्यांवर मीठ टाकतात. त्यामुळें दहांत एखादाच धड निघाला तर आश्चर्य वाटूं नये.

खिडकीचे, छताचे व आसनाचे खटके वरून एकाच सांच्याचे वाटतात. सोडले कीं मध्यभागीं परत येतात, दोन्हीकडे दाबले जातात. छताच्या यंत्राला प्रवाह पुष्कळ लागतो, म्हणून त्याचीं टोंकें जाड असतात. खिडक्यांचा चार कळांचा संच मिळाला तर तो ड्रायव्हरच्या दाराचा. क्रायस्लर गटाच्या १९५६ ते १९६४ या वर्षांच्या गाड्यांतील गिअरचीं बटनें पाहून तर पुष्कळजण विजेच्या तारा शोधीत बसतात. तीं बटनें विजेचीं नाहींतच. त्यांच्यामागें सायकलच्या ब्रेकसारखी पोलादी केबल असते. त्याउलट पॅकार्डचीं १९५६ चीं आणि एड्सेलच्या स्टिअरिंगच्या मध्यावर बसविलेलीं १९५८ चीं बटनें खरोखरच विजेचीं होतीं, आणि दोन्ही अल्पायुषी ठरलीं.

या साऱ्याचा आपल्याशीं संबंध नाहीं असें नाहीं. फोर्डनें १९२६ पासून आणि जनरल मोटर्सनें १९२८ पासून मुंबईंत गाड्या जुळविल्या. दोघांनींहि १९५३-५४ च्या सुमारास येथील काम आंवरलें. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमिअर कंपनीनें १९४७ पासून कुर्ल्यास डॉज, प्लिमथ व डिसोटो जुळविल्या. त्यांतील कांहीं गाड्या अजून कोणाकोणाच्या अंगणांत ताडपत्रीखालीं उभ्या आहेत. तेव्हां येथील मालकानें प्रथम आपली गाडी सहाची कीं बाराची हें पाहावें. त्या वर्षांतील बहुतेक सहाच्याच. स्टिअरिंग उजवीकडे असल्यामुळें तारांची लांबी व पुढची पट्टी अमेरिकेंतील गाडीहून निराळी असूं शकते, पण खटक्याचा गाभा पुष्कळदां तोच असतो. म्हणून परदेशीं मागणी करतांना मुठीचें चित्र पाठवून उपयोग नाहीं. मूठ कोणतीहि बसते. पाठीचें पाठवावें, शेजारीं मोजपट्टी ठेवून.

आणि आपणांवरच कधीं खटका काढण्याची वेळ आली, तर तारा मुळाशीं कापूं नयेत. वीतभर तार खटक्याबरोबर राहूं द्यावी. तारेचा रंग आणि तिच्यावरील रेघ हीं कोरलेल्या अंकाइतकींच बोलकीं असतात. प्लग असेल तर तोहि सोबत घ्यावा. मग जाड कागदाची चिठ्ठी करून तिच्यावर गाडीचें नांव, वर्ष, इंजिन, व्होल्ट, डॅशबोर्डवरील जागा आणि काढल्याची तारीख शिसपेन्सिलीनें लिहावी, कारण शाई तेलानें फुटते, आणि ती चिठ्ठी तारेलाच दोऱ्यानें बांधावी. खोक्यावर नुसतें ‘खटके’ असें लिहून आंत सगळे एकत्र ठेवूं नयेत.